रिकाम्या टाकीनं आलेला जावई

जावयानं सासुरवाडीला यावं, चार दिवस राहावं, पुरणपोळी खावी, वाटलं तर रुसून बसावं. आमची काही तक्रार नाही. पण रिकाम्या टाकीनं येऊ नये. आमचे विश्वजितराव पहिल्या दिवाळसणाला आले ते असेच आले. पुण्याहून, आरशासारख्या चकचकीत गाडीतून. जायच्या वेळी हातात मी दिलेला आहेर, कपाळावर माझ्या हातचं कुंकू, आणि तोंडानं म्हणतात काय, "आई, तुमच्या एखाद्या जीपमधून पाचसहा लिटर पेट्रोल काढून मिळेल का? कोल्हापूर गाठलं की झालं."

रस्त्याच्या पलीकडं रफिकभाई मुल्लाणींचा पंप. आमच्या उंबऱ्यातून दिसतो.

"पंप हाय की समोर," मी म्हणाले.

"आज नको भरायला. उद्या दर उतरणार आहे."

जावयाला उलट बोलायची आमच्यात रीत नाही. मी दगडूला हाक मारली. दगडू आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्यानं नळी आणली, जीपच्या टाकीत सोडली, तोंडानं ओढली, पेट्रोलचा घोट थुंकला आणि कॅन भरून जावयाच्या गाडीत ओतला. रफिकभाई आपल्या खुर्चीत बसून सगळं बघत होते. वीस वर्षांचा शेजार, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या दारात हा प्रकार. मला तोंड कुठं लपवू असं झालं. जावई मात्र काच खाली करून हात हलवत गेले.

मी शालन चौगले. गगनबावड्याच्या स्टँडवर मला लहानथोर आक्का म्हणतात. करूळचा घाट उतरून वैभववाडीला जाणारी वडापाची, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपांची, लाइन माझ्या नवऱ्यानं सुरू केली. तो गेला, आणि स्टँडवरच्या पत्र्याखाली त्याच्या लोखंडी खुर्चीत मी बसले. कुणाच्या जीपचा नंबर, कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवलं, कुणी पिऊन गाडीला हात लावला, सगळा निवाडा तिथंच. शाळा मी चौथीत सोडली, पण लाइनीचे ड्रायव्हर माझ्यापुढं यायच्या आधी विडी विझवतात.

नवऱ्याची जीप माझी एकुलती एक लेक अनुजा चालवते. घाटातलं प्रत्येक वळण तिच्या मनगटाला ठाऊक आहे. लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी ती माझ्याकडंच. का, तर विश्वजितराव पुण्यात चौघा मित्रांत एका खोलीत राहतात. बिऱ्हाड का करत नाहीत? तर घरभाडी उतरतायत म्हणे. अजून थोडं थांबलो की अजून स्वस्तात मिळेल. गल्लीतल्या बायका मला विचारतात, "आक्का, पोरगीला नांदायला कधी न्हेणार?" यावर मी काय सांगू? भाव उतरला की नेतील?

आता हे भाव उतरण्याचं प्रकरण सांगते, म्हणजे माझा संताप कुठून निघाला ते कळेल.

मोठ्या शहरांतल्या गाड्या बॅटरीवर गेल्या तशी पेट्रोलची मागणी घटली. सरकारनं कायदा केला, ज्यानं त्यानं आपल्या पंपाचा दर आपण ठरवायचा. मग काय, दर लागला घसरायला. आमच्या घाटात अजून जुन्या पेट्रोलच्याच जीपा. चढाला त्याच बऱ्या आणि कर्ज फिटलेल्याही त्याच. आम्हाला दिवाळीच वाटली. मी स्टँडवर पेढे वाटले, खोटं कशाला बोलू?

अशात विश्वजितरावांच्या कंपनीनं डबी काढली. नाव ठेवलं पिंगळा. पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणारा पिंगळा असतो ना, त्याच्यावरून. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, गाडीच्या काचेखाली चिकटवायची. तांबडा दिवा लागला की थांब, उद्या पेट्रोल स्वस्त होणार. हिरवा लागला की भर, उद्या चढणार.

आमच्या लाइनीला त्यांनी या डब्या फुकट बसवून दिल्या. आक्काच्या जावयाकडून भेट, असं दगडू सगळ्यांना सांगत सुटला. त्या दिवशी विश्वजितराव माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते. माणूस हुशार आहे, आणि समजावून सांगतानाची त्यांची भाषा गोड आहे, हे मी कबूल करते.

"हिला कळतं कसं?" मी विचारलं.

"आई, प्रत्येक गाडीच्या टाकीत काटा असतो ना, पेट्रोल किती आहे ते दाखवणारा? डबीची वायर त्या काट्याला जोडलीय. दर मिनिटाला डबी कंपनीला कळवते, टाकीत इतकं आहे, इतकं संपलं, आत्ता अमुक पंपावर भरलं. अशा लाखो गाड्या. आज कुणी भरत नसेल, तर पंपवाला उद्या गिऱ्हाईक ओढायला दर पाडणार. खूप जण भरायला लागले, तर तो उद्या चढवणार. पंपवाल्याला रात्री सुचतं ते आम्हाला सकाळीच कळतं."

"आणि सगळ्या टाक्या एकच?"

"नाही ना. गंमत तिथंच आहे. घरच्या गाडीपेक्षा आम्ही वडापच्या जीपचं वजन जास्त धरतो. तुम्ही लोक रोज भरता, रोज चार ठिकाणचं ऐकता. बाजाराचा वास तुम्हाला आधी लागतो. तुमची एक जीप म्हणजे आमच्या हिशेबात शंभर गाड्या."

दगडूची छाती फुगली. मी मात्र तिथंच अडले. "जावईबापू, डबी म्हणाली थांब, म्हणून कुणी भरलं न्हाई. कुणी भरलं न्हाई म्हणून दर पडला. दर पडला म्हणून डबी परत म्हणाली थांब. मग ह्यात भविष्य कुठं आलं? डबीनं सांगितलं तेच झालं की."

ते हसले. "म्हणून तर आमचा अंदाज चुकत नाही, आई."

"आणि समद्यांच्या टाक्या कोरड्या पडल्यावर?"

"तेव्हा कुणीतरी भरायला लागेलच. आम्हाला लगेच दिसेल."

"कुणीतरी म्हंजे कोण?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि पुढच्या जीपला डबी चिकटवायला उठले.

महिन्याभरात स्टँडची तऱ्हा पालटली. सकाळी नंबर लावायच्या आधी ड्रायव्हर डबीकडं बघायचे. तांबडा. मग रफिकभाईंकडं जाऊन एका फेरीपुरतं टाकायचं. जेमतेम घाट उतरून परत चढण्याएवढं. पूर्वी सकाळची पहिली जीप टाकी फुल्ल करायची, रफिकभाई भवानीची नोट कपाळाला लावायचे आणि पंपाचा दिवस सुरू व्हायचा. आता भवानीलाच दोन लिटर. एकदा एकानं अर्धा लिटर मागितलं, तर रफिकभाई म्हणाले, "बाटली आण, बाळाला पाजल्यासारखं पाजतो."

हसणं तेवढंच. रफिकभाईंची गत मला दिसत होती. टँकर आला तेव्हा त्यांनी पेट्रोल महाग घेतलेलं, आणि विकेपर्यंत दर पडलेला. रोज सकाळी शिडीवर चढून फलकावरचा आकडा खाली आणायचा. आकडा खाली आला की लोक म्हणणार, उद्या अजून येईल. खाली वैभववाडीच्या बाजूचे दोन्ही पंप असेच बसले. एकावर कुलूप, दुसऱ्यावर विटांचा ढीग. घाटाच्या दोन्ही अंगांना मिळून आता एकटे रफिकभाई उरले.

आणि मग अनुजाची गाडी घाटात बंद पडली.

भर दुपारची वेळ. वैभववाडीहून जीप भरून वर येत होती. टाकीत तळाला थोडं होतं. सपाटीवर ते पुरलंही असतं. पण मोठ्या वळणावर जीपनं नाक वर केलं आणि सगळं पेट्रोल टाकीच्या मागच्या भिंतीला जाऊन थटलं. इंजिनाला पेट्रोल ओढणारी नळी पुढं, ती हवाच ओढू लागली. इंजिन मेलं. इंजिन मेलं की ब्रेक दगडासारखा होतो, उभं राहून दाबला तरी पुरता लागत नाही. जीप मागं सरकू लागली. आत दहा माणसं. एका बाईच्या मांडीवर तान्हं. अनुजानं हँडब्रेक खेचला, स्टिअरिंग डोंगराच्या अंगाला पिळलं आणि जीपचं ढुंगण कातळावर नेऊन आदळलं. दुसऱ्या अंगाला दरी होती.

माणसं वाचली. तिचं कपाळ फुटलं. दगडू खाली जाऊन तिला घेऊन आला. तिनं आधी नवऱ्याला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मी ऐकलं.

"लागलं का फार? डॉक्टरकडं जाऊन ये आधी," विश्वजितराव म्हणाले. आवाजात काळजी होती, नव्हती असं नाही. पण मग म्हणाले, "पण दर मात्र आज उतरला बघ. पिंगळ्याचं चुकलं नाही."

अनुजानं फोन ठेवला. पट्टीखालून डोळे माझ्याकडं लावले. "आई, माझ्या कपाळाचा दर कधी उतरणार ते विचारायचं राह्यलं."

त्याच आठवड्यात रफिकभाई माझ्या खुर्चीपाशी आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले, म्हणजे गोष्ट जड आहे हे मी ओळखलं.

"आक्का, टाकी तळाला लागलीय. नवा टँकर मागवू कशाच्या जिवावर? महाग घ्यायचं आणि स्वस्त ओतायचं. महिनाअखेर शटर ओढतो."

"रफिकभाई, तुम्ही शटर ओढलं तर ही लाइन कशावर चालायची?"

"फलकावरच्या दरावर चालवा. तेवढा खाली कधीच नव्हता."

त्यांनी टोमणा मारला नाही, खरं तेच सांगितलं. दर पडत राहणार का, असं जो तो एकमेकांना विचारत होता. पडत राहणार. पंपाला कुलूप लागल्यावरसुद्धा डबी तांबडा दिवा दाखवत राहणार आणि सांगणार, थांबा, उद्या अजून स्वस्त. जे मिळतच नाही, ते कितीही स्वस्त करता येतं.

अनुजानं पुण्याला फोन करून पंपाचं सांगितलं. मला वाटलं, आता तरी नवरा म्हणून काही बोलतील. ते म्हणाले, "मग बरंच झालं. तसंही ती जीप धोक्याचीच आहे. तू आईंकडं निवांत बस. भाडी अजून उतरतायत, थोडं खाली येऊ दे, मग नेतो."

निवांत बस! जी पोरगी बापाच्या मागं घाटात जीप घालते, जिच्या गाडीत बसायला बायका दुसरा नंबर सोडून देतात, तिनं माझ्या ओसरीवर निवांत बसायचं. कुठल्या तरी घराचं भाडं खाली यायची वाट बघत. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या दिल्यात, पण त्या दिवशी मला एकही पुरेशी वाटली नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. रिकाम्या जीपमध्ये गिऱ्हाईक बसत नाही. भरल्याशिवाय जीप सुटत नाही हे त्यालाही माहीत असतं. म्हणून तो लांब उभा राहतो, दुसरं कुणी बसतंय का बघतो. दुसरा तिसऱ्याची वाट बघतो. सगळे लांब उभे, जीप रिकामी. माझा नवरा काय करायचा? दगडू, दगडूचा भाऊ, पानवाला, असे चौघं आत बसवायचा. डोक्याला टॉवेल, मांडीवर पिशवी, लग्नाला निघाल्यासारखी तोंडं. आणि बाहेरून ओरडायचा, "दोन सीट, दोन सीट, सुटली!" की आली माणसं धावत. खरं गिऱ्हाईक चढेल तसा एकेक बसवलेला माणूस मागच्या दारानं उतरून पुढच्या जीपमध्ये जाऊन बसायचा. खोटं पहिल्या धक्क्यापुरतं. प्रवास खराच व्हायचा.

मी अनुजाला म्हणाले, "पंपावर बसवलेली माणसं पायजेत."

ती समजली. पण म्हणाली, "आई, पिंगळ्याला माणसं दिसत न्हाईत. त्याला टाकी दिसते."

"मग टाकी बसवायची. समद्या टाक्या खऱ्या भरायला रफिकभाईंकडं पेट्रोल हाय कुठं?"

ती जीपच्या पायरीवर टेकली, कपाळाची पट्टी बोटानं चाचपत. "हे त्यांच्या पोटावर पाय देणं हाय," शेवटी म्हणाली. हा निवाडा माझ्या खुर्चीतून करायचा नव्हता, तिचा तिनंच करायचा होता.

मग ती उठली, जीपची मागची सीट उचलली आणि टाकीवरचं झाकण खोललं. मला आत दाखवलं. टाकीत एक तरंगता गोळा असतो, दांडीच्या टोकाला. पेट्रोल चढलं की गोळा चढतो, उतरलं की उतरतो, आणि दांडी हलेल तसा पुढचा काटा हलतो. तिनं दांडीला बांधायची बारीक तार अडकवली, तिचं टोक ड्रायव्हरच्या सीटखाली आणलं आणि हळूच ओढलं. टाकी कोरडी, पण काटा चढत चढत पार भरलेल्या खुणेला जाऊन टेकला.

"मी डबीला हातपण लावला न्हाई," ती म्हणाली. "डबी काट्याचं ऐकती. काटा तारेचं."

सोमवारी सकाळी लाइनीतल्या झाडून सगळ्या जीपा रफिकभाईंच्या पंपावर रांगेला लागल्या. मी शाहूवाडीच्या आणि राधानगरीच्या लाइनवाल्यांनाही निरोप धाडले होते. तिकडची माणसं माझ्या नवऱ्याला मानायची, त्यांनी तिकडं तेच केलं. माझी ताकीद एकच. तार बांधल्यावर काट्यावर भरवसा ठेवायचा नाही, टाकीत काठी घालून बघितल्याशिवाय घाटात चाक घालायचं नाही.

रफिकभाई मात्र अडून बसले. "आक्का, मशीनमधनं थेंब न सोडता मी टाकीत पाइप धरायचा? अल्लाला काय सांगू?"

"पाइप धरू नका. चाकात हवा भरा. हवा तर फुकटच देता न्हवं?"

ते हसले आणि हवेची नळी घेऊन उभे राहिले. जीप पुढं यायची, रफिकभाई वाकून चाकात हवा मारायचे, आत ड्रायव्हर सीटखाली हात घालून तार ओढायचा. काटा वर. पुढची जीप. दगडूनं तर तार ओढताना डोळे मिटून हात जोडले. मी ओरडले, "आरं, पूजेला बसलायस का? सरक पुढं."

तासाभरात पहिली डबी हिरवी झाली. मग शेजारची. मग रांगेतल्या सगळ्या. एक वडाप म्हणजे शंभर गाड्या, जावयानं सांगितलंच होतं. पिंगळ्याला वाटलं, घाटावरच्या शहाण्या माणसांना वास लागला, दर चढणार. त्यानं आजूबाजूच्या गाड्यांत हिरवे दिवे लावले. त्या गाड्या खरोखरच्या भरायला निघाल्या. खऱ्या टाक्या खऱ्या भरल्या तसे त्यांच्या पलीकडच्या गाड्यांचे दिवे हिरवे झाले. दुपारपर्यंत कोल्हापूरच्या रस्त्यावर रांगा. आम्ही आमच्या तारा केव्हाच सोडल्या होत्या. आता कुणाला ओढायची गरज नव्हती.

रफिकभाईंच्या टाकीतलं उरलंसुरलं संपलं. त्याआधी त्यांनी आमच्या जीपांना खरं पेट्रोल भरून घ्यायला लावलं, रोखीनं. टँकर लगेच बोलावला. संध्याकाळी ते शिडीवर चढले आणि फलकावरचा आकडा वर नेला. किती दिवसांनी वर नेला! खाली उभ्या असलेल्या लोकांनी मला काय काय म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. महाग झालं म्हणून शिव्या देणाऱ्यांत माझे दोन पुतणे होते. मी म्हणाले, "द्या शिव्या. पण भरलेल्या टाकीनं द्या."

दुसऱ्या दिवशी विश्वजितराव आले. गाडी स्टँडवर आली ती इंजिन बंद, उतारावरून आपोआप घरंगळत, आणि माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबली. समोर पंपावर पाटी, टँकर येईपर्यंत पेट्रोल नाही. पाटीमागं पन्नास गाड्यांची रांग.

अनुजा आपल्या जीपला टेकून उभी होती. तिचा नंबर लागलेला, दोन सीट सोडून जीप भरलेली.

"अनुजा, सामान भर!" ते धावतच तिच्यापाशी गेले. शर्ट चुरगळलेला, डोळे चमकत होते. "आजच निघायचं. हडपसरला दोन खोल्या बघितल्यात. मालक संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे."

मला सांगायला लाज वाटते, पण मी हरखले. शेवटी नेतो म्हणाला. मी खुर्चीतून उठले, ओटी भरायला नारळ कुठं ठेवलाय ते आठवू लागले.

अनुजा मात्र जागची हलली नाही. "आज एकदम कसं काय?"

"अगं, काल सकाळपासून सगळं फिरलंय. पेट्रोल चढायला लागलं. पेट्रोल चढलं की लोक कामाच्या जवळ घर शोधतात, म्हणजे शहरातली भाडी चढणार. हे बघ." त्यांनी खिशातला फोन काढला. त्यावर पिंगळ्याचाच, पण घरभाड्याचं भविष्य सांगणारा दिवा. हिरवागार. "काल दुपारी बारा वाजता लागला. म्हटलं, आता एक दिवस थांबायचं नाही. वाटेत पंपांवर रांगा, तिथंही थांबलो नाही."

अनुजानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. स्टँडवरचे ड्रायव्हर एकाएकी आपापल्या चपलांकडं बघू लागले.

तिनं जीपच्या खणात हात घातला, तारेचा तुकडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा घ्या तुमचा हिरवा दिवा."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. गोळा, दांडी, काटा, हवेची नळी. विश्वजितराव ऐकत होते आणि ती तार बोटांत फिरवत होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांच्या कामाला आम्ही हात घातला होता. नवरा म्हणून, कारागीर म्हणून त्यांना तो हक्क होता.

पण ते ओरडले नाहीत. त्यांच्या डोक्यात हिशेब चालू झाला होता. कपाळावरून दिसत होता.

"म्हणजे सुरुवात खोटी होती," ते हळूच म्हणाले. "मग हे टिकायचं नाही. पंधरा दिवसांत भाडी परत खाली येतील." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि फोन खिशात टाकला. "मग घाई करायचं कारण नाही, अनुजा. अजून थोडं थांबू."

अनुजानं मान हलवली, जणू तिला तेच ऐकायचं होतं. ती वळली, चढून स्टिअरिंगमागं बसली, आणि खिडकीतून तोंड काढून घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "दोन सीट! दोन सीट, सुटली!"

दोन बाया धावत आल्या. या खोट्या नव्हत्या.

विश्वजितराव तिथंच उभे. जीपकडं बघितलं, पंपावरच्या पाटीकडं बघितलं, आपल्या गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं आले आणि त्याच जुन्या गोड आवाजात म्हणाले, "आई, तुमच्या एखाद्या जीपमधून पाचसहा लिटर..."

दगडू नळी आणायला उठला होता. मी हात वर केला तसा तो बसला. लग्नापासून मी त्यांना जावईबापू म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"विश्वजित, बायकोला न्यायला येणारा माणूस टाकीत परतीचं पेट्रोल घेऊन येतो. तुम्ही मागं एकदा रिकाम्या टाकीनं आलात, मी नळी लावून दिली आणि गप्प बसले. ती माझी चूक, त्यामुळं तुम्हाला वाटलं की ह्या घरातनं कायबी फुकट ओढून नेता येतं. आज थेंब मिळायचा न्हाई. त्या रांगेत जाऊन शेवटी उभं राहा. टँकर आला की आजचा जो दर असंल तो द्या, टाकी गळ्यापर्यंत भरा. आणि मग तुमच्या गाडीतली डबी काढून रफिकभाईंच्या हवेच्या नळीपाशी सोडून या माझ्यापुढं. तेवा विचारा माझ्या लेकीला, येतीस का म्हणून. ती हो म्हणंल का न्हाई, ते मी सांगणार न्हाई, तुमचा पिंगळाबी सांगणार न्हाई. पण एक ध्यानात ठेवा. ही लाइन माझ्या नवऱ्याची हाय, आणि एकदा भरली की गाडी आम्ही कुणासाठी थांबवत न्हाई."